धम्मश्रवण : अधिकार आणि जबाबदारी

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. कानांवर आलेला शब्द ग्रहण करणे हा एक, आणि सांगितलेले निमूटपणे मान्य करणे हा दुसरा. ‘पोर ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचे कान बिघडलेले नसतात. ते सांगितल्याप्रमाणे वागत नाही, एवढेच आपणास म्हणावयाचे असते. ज्या समाजात काहींनी सांगावे आणि उरलेल्यांनी ऐकावे अशी व्यवस्था शतकानुशतके चालली, त्या समाजात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळून जावेत यात नवल नाही.

बौद्ध परंपरा तर आरंभापासून श्रवणाचीच परंपरा आहे. तथागतांच्या हयातीत त्यांचे उपदेश लिहून ठेवले गेले नाहीत. ते ऐकले गेले आणि मुखोद्गत केले गेले. त्यांच्या शिष्यास पालीत ‘सावक’ म्हणतात, म्हणजे ऐकणारा. विद्वानास ‘बहुस्सुत’ म्हणतात, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे असा. मराठीतील ‘बहुश्रुत’ हा शब्द आज वाचनाशी जोडला गेला असला तरी त्याच्या पोटात कानच आहे. सुत्तांचा आरंभही ‘मी असे ऐकले आहे’ या अर्थाच्या शब्दांनी होतो. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, जी परंपरा ऐकण्यावर उभी आहे, ती ‘ऐकणे’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाचीही, म्हणजे आज्ञापालनाची, परंपरा आहे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. त्याचा पुरावा पाली तिपिटकात, सम्राट अशोकाच्या शिलालेखांत आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथात मिळतो. तो क्रमाने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

कानांवरील पहारा

वैदिक परंपराही श्रवणाचीच. वेदांस ‘श्रुती’ म्हणतात. परंतु ही श्रुती कोणी ऐकावी याला कडक मर्यादा होती. गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात शूद्राने हेतुपुरस्सर वेद ऐकल्यास त्याच्या कानांत वितळविलेले कथील व लाख ओतावी, असा दंड सांगितला आहे. पुढे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शूद्राचा वेदाधिकार नाकारताना याच वचनाचा आधार घेतला. हा दंड प्रत्यक्षात कितीदा दिला गेला हा प्रश्न निराळा. त्यामागील विचार मात्र स्वच्छ आहे. ज्ञान कानांवाटे मिळत होते, म्हणून कानांवर पहारा बसविला गेला.

या पार्श्वभूमीवर विनयपिटकातील महावग्गाचा आरंभ वाचावा. संबोधीनंतर धम्म सांगावा की न सांगावा असा विचार तथागतांच्या मनात आला आणि अखेर सांगण्याचा निश्चय झाला. त्या वेळी त्यांनी जी घोषणा केली तिचा आशय असा की, ज्यांना कान आहेत त्या सर्वांसाठी अमृताचे द्वार उघडले आहे. येथे कान असणे एवढीच पात्रता आहे. कान कोणाचे, हे विचारलेले नाही. आयुष्याच्या अखेरीस, महापरिनिब्बान सुत्तात, आपण धम्म सांगताना आत आणि बाहेर असा भेद केला नाही, आचार्याची झाकली मूठ ठेवली नाही, असे त्यांनी आनंदास सांगितले. आरंभीची ती घोषणा आणि अखेरचे हे निवेदन यांच्यामध्ये पंचेचाळीस वर्षांचा उपदेश आहे.

या उघडलेल्या द्वारातून कोण आत आले, याचे एक उदाहरण खुज्जुत्तरेचे. कोसंबीचा राजा उदेन याची राणी सामावती. खुज्जुत्तरा ही तिची दासी. अट्ठकथा सांगते की, राणीच्या फुलांसाठी मिळणाऱ्या आठ नाण्यांपैकी चार ती स्वतःकडे ठेवीत असे. एके दिवशी माळ्याच्या घरी तिने तथागतांचा उपदेश ऐकला आणि त्या दिवशी पूर्ण आठ नाण्यांची फुले नेली. राणीने विचारले तेव्हा तिने चोरी कबूल केली व आपण काय ऐकले ते सांगितले. राणीने आणि अंतःपुरातील स्त्रियांनी दासीला उच्चासनावर बसविले व आपण खाली बसून तिच्या मुखातून धम्म ऐकला. पुढे ती उपदेश ऐकून यावी आणि या स्त्रियांना सांगावा, असा परिपाठच पडला. खुद्दकनिकायातील ‘इतिवुत्तक’ हा 112 सुत्तांचा ग्रंथ तिच्याच श्रवणातून आला, असे अट्ठकथेचे म्हणणे आहे. अट्ठकथा उत्तरकालीन आहे हे मान्य. परंतु अंगुत्तर निकायात स्वतः तथागतांनी बहुश्रुत उपासिकांमध्ये खुज्जुत्तरेला अग्रस्थान दिले आहे. एका धर्मपरंपरेने खालच्यांच्या कानांत कथील ओतण्याचा विचार केला; दुसरीने एका दासीच्या कानांवर विश्वास ठेवून ग्रंथ स्वीकारला.

चंकी सुत्तातील सोळा वर्षांचा मुलगा

श्रवणाचा अधिकार सर्वांस मिळाला, हा या इतिहासाचा अर्धा भाग झाला. ऐकलेल्याचे करावयाचे काय, हा दुसरा अर्धा भाग. यासंबंधी मज्झिम निकायातील चंकी सुत्ताकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कोसल देशात ओपासाद नावाचे ब्राह्मणग्राम होते. पसेनदी राजाने ते चंकी ब्राह्मणास दिले होते. तेथे तथागत वृद्ध ब्राह्मणांशी बोलत असता कापठिक नावाचा, तीन वेदांत पारंगत झालेला, सोळा वर्षांचा तरुण वारंवार मध्ये बोलू लागला. वडीलधारी माणसे बोलत आहेत, त्यांचे बोलणे संपू दे, असे तथागतांनी त्यास सांगितले. चंकीने त्याची बाजू घेतली : मुलगा विद्वान आहे, त्याला दटावू नये. थोड्या वेळाने तथागतांनी आपण होऊन त्या मुलाकडे पाहिले, आणि त्याने आपला प्रश्न विचारला. मध्येच बोलणाऱ्यास थांबविणे आणि त्याची पाळी येताच त्यास बोलू देणे, या दोन्ही गोष्टी या एका प्रसंगात आहेत. पहिली करणारे पुष्कळ असतात; दुसरी करणारे थोडे.

मुलाचा प्रश्न सरळ होता. परंपरेने चालत आलेल्या मंत्रांविषयी ब्राह्मण म्हणतात की हेच सत्य, बाकी सर्व मिथ्या. आपले मत काय? तथागतांनी उलट विचारले : ‘मी हे जाणतो, मी हे पाहतो’ असे म्हणणारा एक तरी ब्राह्मण आहे काय? सात पिढ्यांपर्यंतच्या आचार्यांत कोणी होता काय? मंत्रकर्त्या प्राचीन ऋषींत कोणी होता काय? प्रत्येक वेळी मुलाचे उत्तर ‘नाही’ असेच आले. मग ही परंपरा एकमेकांस धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेसारखी झाली. पहिल्यास दिसत नाही, मधल्यास दिसत नाही, शेवटच्यासही दिसत नाही.

येथवरचा भाग आपल्याकडे पुष्कळदा सांगितला जातो. त्यापुढील भाग तितकाच मोलाचा आहे. तथागत म्हणतात की श्रद्धा, आवड, ऐकीव परंपरा, तर्क आणि विचारांती पटलेले मत, या पाचही गोष्टी दोन्ही प्रकारे निघू शकतात. चांगले ऐकलेले खोटे ठरते आणि न ऐकलेले खरे ठरते. मग सत्याचे रक्षण कसे करावे? ज्याने काही ऐकले आहे त्याने ‘मी असे ऐकले आहे’ एवढेच म्हणावे आणि ‘हेच सत्य, बाकी मिथ्या’ या निष्कर्षावर उडी घेऊ नये. यास पालीत ‘सच्चानुरक्खणा’, सत्याचे रक्षण, म्हटले आहे.

हा उतारा वाचल्यावर सुत्तांच्या आरंभीच्या त्या परिचित शब्दांकडे आम्ही वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. परंपरेने त्या शब्दांकडे प्रामाण्याची मुद्रा म्हणून पाहिले : हे आनंदाने प्रत्यक्ष ऐकले आहे, तेव्हा शंका नको. चंकी सुत्ताच्या प्रकाशात त्याच शब्दांत एक नम्र मर्यादाही दिसते. सांगणारा म्हणतो, मी हे ऐकले. आता तुम्ही तपासा. वैदिकांची श्रुती अपौरुषेय आहे, म्हणून तिला प्रश्न नाही. बौद्धांचे ‘सुत’ माणसाने माणसाकडून ऐकलेले आहे, म्हणून त्याला प्रश्न आहे. केसपुत्तच्या कालामांना सांगितलेल्या दहा गोष्टींत, केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका, हीच पहिली आहे.

चंकी सुत्त श्रवणाचा क्रमही देते : जवळ जाणे, जवळ बसणे, कान देणे, धम्म ऐकणे, तो धारण करणे, त्याच्या अर्थाची परीक्षा करणे, परीक्षेअंती पटला तर उत्साह, तुलना आणि प्रयत्न. परीक्षा ही श्रवणानंतरची ऐच्छिक गोष्ट नाही. ती त्याच साखळीतील कडी आहे. ज्याने ऐकले पण तपासले नाही, त्याचे ऐकणे अपुरे राहिले.

ऐकणाऱ्याची शिस्त, सांगणाऱ्याची शिस्त

परीक्षा करावयाची तर आधी नीट ऐकले पाहिजे. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तीन प्रकारचे श्रोते सांगितले आहेत. पहिला उपड्या मडक्यासारखा. त्यावर ओतलेले पाणी वाहून जाते. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ ही आपली म्हण येथे कोणासही आठवेल. दुसरा ओट्यात तीळ, तांदूळ, मोदक, बोरे घेऊन बसलेल्या माणसासारखा. बसला आहे तोवर सर्व काही आहे, उठताच सर्व सांडते. तिसरा सुलट ठेवलेल्या मडक्यासारखा. ओतलेले त्यात राहते. आम्हांस यांतील दुसऱ्या श्रोत्याची चिंता अधिक वाटते. पहिला ऐकतच नाही, हे त्यास व इतरांस ठाऊक असते. दुसरा मन लावून ऐकतो, मान डोलावतो, आणि दाराशी पोहोचेपर्यंत रिता होतो.

नवे काही ऐकले असता काय करावे, हे महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेशांत सांगितले आहे. एखाद्याने अमुक वचन मी भगवंतांच्या, संघाच्या वा थेरांच्या मुखातून ऐकले असे म्हटले, तर त्याचे लगेच अभिनंदन करू नये आणि लगेच धिक्कारही करू नये. त्याचे शब्द नीट समजून घ्यावेत, मग सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावेत. होकार आणि नकार दोन्ही क्षणभर बाजूला ठेवून आधी शब्द पुरते ग्रहण करणे, ही शिस्त बोलायला सोपी आणि पाळायला अवघड आहे.

विनयातील सेखिय नियमांत धम्म सांगण्यासंबंधी सोळा नियम आहेत. आजारी नसताना जो हाती शस्त्र घेऊन, वाहनात बसून, पादत्राणे घालून किंवा सांगणाऱ्यापेक्षा उंच आसनावर बसून ऐकू पाहतो, त्यास भिक्खूने धम्म सांगू नये. उंच आसनाच्या नियमासोबत विनयात एक जुनी कथा येते. गर्भवती पत्नीच्या डोहाळ्यांसाठी एक चांडाळ वाराणसीच्या राजाच्या बागेत रात्री आंब्यावर चढला आणि पहाट झाल्याने तेथेच अडकला. खाली राजा आला. तो उंच आसनावर बसून, खालच्या आसनावर बसलेल्या पुरोहिताकडून मंत्र शिकू लागला. चांडाळ झाडावरून उतरला आणि म्हणाला की शिकविणारा व शिकणारा, दोघेही धर्म सोडून वागत आहेत. त्या जन्मी तो चांडाळ म्हणजे स्वतः बोधिसत्त्व होते, असे कथा सांगते. शिकणाऱ्याने कसे बसावे हे राजास आणि पुरोहितास चांडाळाने शिकविले, ही गोष्ट विनयकारांनी लपविली नाही. नियमाच्या समर्थनार्थ नोंदविली.

ही शिस्त केवळ ऐकणाऱ्यासाठी नव्हती. अंगुत्तर निकायाच्या नवकनिपातात आयुष्मान नंदकाचा प्रसंग आहे. सावत्थीच्या जेतवनात नंदक सभागृहात भिक्खूंना धम्म सांगत होते. तथागत आले, तो दार बंद. ते आत गेले नाहीत. बोलणे संपेपर्यंत बाहेर उभे राहिले; संपल्यावर खाकरले आणि दार वाजविले. आत आल्यावर म्हणाले की नंदक, तुझे प्रवचन लांबले. बाहेर वाट पाहून माझी पाठ दुखू लागली. नंदक ओशाळले, तेव्हा त्यांनी त्यांची प्रशंसाच केली. अवंतीहून आलेल्या सोण कुटिकण्ण या नव्या भिक्खूकडून तथागतांनी अट्ठकवग्गाचे पठण करवून घेतले व ते ऐकून समाधान व्यक्त केले, हीही नोंद विनयात आहे. धम्माचा शास्ता आपल्या शिष्याचा श्रोता होतो, हे दृश्य आपण पुरेसे पाहिलेले नाही.

ऐकण्याचा अर्थ आज्ञापालन नव्हे, याचा सर्वांत बोलका पुरावा पहिल्या संगीतीनंतरचा आहे. राजगृहात पाचशे भिक्खूंनी संगायन केले. महाकस्सपांनी विचारले, उपालींनी विनय आणि आनंदांनी धम्म सांगितला. त्यानंतर दक्खिणागिरीहून पुराण थेर आले. संगीतीचा स्वीकार करा असे त्यांस सांगण्यात आले. थेरांनी धम्मविनयाचे संगायन चांगले केले, असे म्हणून ते पुढे म्हणाले की मी मात्र भगवंतांच्या समक्ष जसे ऐकले तसेच धारण करीन. चुल्लवग्गाने हे उत्तर जसेच्या तसे नोंदविले; त्याबद्दल पुराणांस कोणताही दंड झाल्याची नोंद नाही.

अशोक, सोपारा आणि कार्ले

तिपिटकाबाहेर, दगडावरही हा इतिहास कोरलेला आहे. बैराटजवळ सापडलेल्या आणि आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेल्या शिलालेखात अशोकाने सात धम्मग्रंथांची नावे देऊन, भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी ते वारंवार ऐकावेत व त्यांवर मनन करावे, अशी इच्छा व्यक्त केली आहे. बाराव्या शिलालेखात तर सर्व पंथांनी एकमेकांचा धर्म ऐकावा आणि ऐकण्याची इच्छा धरावी, असे तो सांगतो. गिरनारच्या पाठात त्यासाठी ‘समवाय’, एकत्र येणे, हा शब्द आहे. त्याच लेखात वाणीच्या संयमाचाही उल्लेख आहे. स्वतःच्या पंथाची अवास्तव स्तुती व दुसऱ्याची अवास्तव निंदा टाळल्याशिवाय दुसऱ्याचे ऐकू येत नाही, हे या राजास उमगले होते. सहाव्या लेखात तो म्हणतो की मी भोजन करीत असलो वा अंतःपुरात असलो, तरी प्रजेचे काम मला केव्हाही, कोठेही कळविले जावे.

महाराष्ट्राचा येथे प्रत्यक्ष संबंध येतो. वसई परिसरातील सोपारा येथे आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना 1882 मध्ये मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा 1956 मध्ये सापडला. आठवा लेख राजाच्या विहारयात्रांऐवजी सुरू झालेल्या धम्मयात्रांचा आहे. त्या यात्रांत जनपदातील लोकांची भेट, धम्माचा उपदेश आणि धम्मासंबंधी विचारपूस, ‘धम्मपरिपुच्छा’, होत असे. उपदेशाला लागूनच विचारपूस येते, हे ध्यानात घ्यावे.

याच सोपाऱ्याशी संबंधित एक लेख कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे. तेथील एका स्तंभाचे दान सोपाऱ्याच्या धम्मुत्तरिय निकायातील सातिमित नावाच्या भाणकाने दिले. भाणक म्हणजे सुत्ते मुखोद्गत करून सांगणारे. दीघभाणक, मज्झिमभाणक असे त्यांचे वर्ग होते. इ. स. पू. पहिल्या शतकात सिंहलद्वीपात वट्टगामणी राजाच्या काळी तिपिटक लेखनबद्ध होईपर्यंत धम्म यांच्या कंठांत आणि श्रोत्यांच्या कानांत जिवंत होता. सह्याद्रीतील चैत्यांच्या कमानींखाली तो ऐकला गेला.

बाबासाहेब : एक चिकित्सक श्रोता

भाणकांचे ऋण मान्य करूनही त्यांच्या श्रवणाची चिकित्सा करण्याचे धाडस आधुनिक काळात बाबासाहेबांनी केले. 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात त्यांनी बुद्धवचनांच्या विपर्यासाची कारणे सांगितली आहेत. तथागतांच्या हयातीतच त्यांच्या वचनांचा विपर्यास होत असे, हे दाखविण्यासाठी त्यांनी पाच सुत्तांचा निर्देश केला. त्यांपैकी अलगद्दूपम सुत्तातील अरिट्ठाने ऐकले होते. पण आपल्या सोयीचे तेवढेच ऐकले होते. म्हणून बाबासाहेबांनी कसोटी दिली : जे बुद्धिसंगत आहे आणि ज्याचा मानवाच्या कल्याणाशी संबंध आहे, तेच बुद्धवचन मानावे. महापदेशांची आणि सच्चानुरक्खणेचीच ही परंपरा आहे, असे आमचे मत आहे.

आणि हाच चिकित्सक 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात प्रथम श्रोता झाला. महास्थविर चंद्रमणी यांच्या मागोमाग त्यांनी त्रिसरण व पंचशील उच्चारले. त्यानंतर लक्षावधी जनसमुदायास धम्मदीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवशी कोणी नुसते ऐकले नाही. प्रत्येकाने ऐकलेले स्वतःच्या तोंडाने उच्चारले आणि त्याची जबाबदारी घेतली.

आज आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. ज्यांच्या पूर्वजांना ऐकण्याची बंदी होती, ते लोक रोज सायंकाळी धम्म ऐकावयास जमतात. ही लहान गोष्ट नाही. परंतु अनेक विहारांत आम्ही असेही पाहिले आहे की, वाचन संपते, सूचना होतात, मान्यवरांची भाषणे होतात, आणि तीन महिने नियमाने आलेल्या, बहुतांशी स्त्रिया असलेल्या श्रोत्यांना ‘आपणास काय वाटले?’ असे एकदाही विचारले जात नाही. प्रमुख वक्ते आपले भाषण आटोपून पुढच्या कार्यक्रमास निघून जातात. त्यांच्यानंतर कोण काय बोलले ते त्यांस कळत नाही. एखाद्या तरुणाने शंका काढली तर ती श्रद्धेवरील आघात मानली जाते. म्हणजे उपदेश राहिला, परिपुच्छा गेली. असे झाले तर ‘ऐकणे’ हा शब्द पुन्हा आपल्या जुन्या, मान तुकविण्याच्या अर्थाकडे वळेल. आणि या वेळी कानांवर पहारा बसविणारे दुसरे कोणी नसेल.

यावर उपाय खर्चाचा नाही. ग्रंथवाचनानंतर अर्धा तास श्रोत्यांसाठी राखून ठेवावा. वाचणाऱ्याने त्या वेळी खाली बसावे. ज्यास जे समजले ते त्याने आपल्या शब्दांत सांगावे, न समजलेले विचारावे, न पटलेले मांडावे. आणि कोणाचेही बोलणे मध्येच तोडू नये. बंद दाराबाहेर पाठ दुखेपर्यंत उभे राहून तथागतांनी नंदकाचे बोलणे पूर्ण होऊ दिले. आपल्या विहारातील एखादी आजी चार वाक्ये अडखळत बोलत असेल, तर तेवढा वेळ थांबणे आपणास जड जाऊ नये. खुज्जुत्तराही तिच्या पहिल्या दिवशी अडखळलीच असेल. तरी राणी आपल्या जागेवरून उठली नाही.